शरयू, तुझा अर्धा भाग मी वाचला

शरयू, सापडलीस. पुरती सापडलीस.

तुला जाऊन महिना व्हायचाय, आणि मी रडायचं टाकून दोन दिवस घरभर हसत फिरतेय. सुनेला वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. तिने दोनदा माझी साखर तपासली. साखर ठीक आहे. आपल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकाने तुझ्यावर लेख मागितलाय. त्यात तुझा जन्म, शिक्षण आणि स्वभाव यावा अशी संपादकांची अपेक्षा. जन्म तिच्या मुलीला विचारा म्हटलं. शिक्षण मॅट्रिक. आणि स्वभाव मला परवा मंगळवारी कळला. म्हणून हा लेख तुझ्यावर नाही, तुलाच लिहितेय. वाचणारे वाचोत.

त्यांच्यासाठी आधी आपली पद्धत सांगायला हवी. तू जरा कळ काढ.

चाळीसहून जास्त वर्षं आपण त्रैमासिकात नव्या कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिली. खाली नाव असायचं 'दोन वाचक'. जिवावरचं संकट, प्रेम, आणि 'मी नक्की कोण' असा प्रश्न पडलेली नायिका, ही तिन्ही एका पुठ्ठ्यात आली की ग्रंथालयाचे पंड्याभाई ती कादंबरी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. प्रत एकच, मुदत आठ दिवस, आणि मागे वाचकांची रांग. मी घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या गल्लीत, सासू-सासरे, दोन मुलं आणि सकाळ-संध्याकाळ पोळ्यांची चवड. तू प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, भाऊजींच्या वर्कशॉपमधल्या पाळ्यांबरोबर तुझीही झोप पाळीपाळीने. आठ दिवसांत दोघींनी आख्खं पुस्तक वाचणं शक्यच नव्हतं. म्हणून आपण पुस्तकच वाटून घेतलं. पानांना दोनाने भागायचं, पहिला अर्धा भाग माझा, दुसरा तुझा. बरोबर मध्यावर थांबायचं, वाक्य तुटलं तरी. चौथ्या दिवशी मी पुस्तक पिशवीत पालकाखाली घालून तुला द्यायची आणि गुरुवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात आपण भेटायचो. मी माझा भाग सांगायची, तू तुझा. मग भांडण. मग मी परीक्षण लिहायची. शेवट कधीही फोडायचा नाही, हा सदराचा नियम.

म्हणजे सदरासाठी घेतलेल्या एकाही कादंबरीचा शेवट मी कधी वाचला नाही. ऐकला. तुझ्या तोंडून.

आणि बये, तू मला शेवट खोटे सांगत होतीस.

ही वाटणीची अक्कल माझी, हे कबूल करते. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. "चांगल्या वाचकाला अर्ध्या पुस्तकात लेखकाचं पाणी कळतं," असं मी तुला ऐकवलं होतं. तू मान डोलावलीस. परवा ते जुने अंक काढून बसले. प्रत्येक परीक्षणात मी नायिकेला तोल सांभाळायचा सल्ला दिलाय. एक बाई पुरात झाडाला धरून लटकतेय, तिलासुद्धा. 'येथे नायिकेकडून अधिक संयमाची अपेक्षा होती.' ही संयमवाली एकतीस वर्षांची बाई आज भेटली, तर तिला सायकलवर डबलसीट बसवून प्रत्येक खड्ड्यातून नेईन.

पुढे माझ्या सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली, मी नोकरीतून निवृत्त झाले, आम्ही पोळ सोडून फतेगंजच्या फ्लॅटमध्ये आलो. वेळच वेळ होता. तरी वाटणी मोडली नाही. बाकीची पुस्तकं मी आख्खी वाचायची, पण गुरुवारचं पुस्तक अर्धंच. तू सांगायचीस तेव्हा हातांनी दारं उघडायचीस, पदराचं वादळ करायचीस. छापील पानाला ते कुठून यायचं?

आता सापडलीस कशी, ते ऐक.

तेराव्यानंतर तुझी मुलगी मीना शेवटचं पुस्तक घेऊन आली. खाणवाली. (वाचकहो, आम्ही कादंबऱ्यांना त्यांच्या नावाने कधी हाक मारली नाही, नायिकेच्या उद्योगावरून मारली.) हॉस्पिटलच्या पिशवीत तुझ्या चष्म्याबरोबर होतं म्हणाली. मी माझा अर्धा भाग तुला खाटेशेजारी बसून सांगितला होता आणि पुस्तक तुझ्या उशाशी ठेवून आले होते. तुझ्या भागात बाविसाव्या पानावर तुझा केसांचा आकडा खोचलेला. त्यापुढे तू गेली नाहीस.

तुझ्याशिवाय पुढचं वाचायचं कसं, हे मला कळेना. दुसरा अर्धा भाग उघडायचा मला सरावच नाही. म्हटलं, आधी एखादा माहीत असलेला शेवट वाचू, हात बसेल. म्हणून परवा मंगळवारी ग्रंथालयात गेले. पंड्याभाई निवृत्त झालेत, पण काठी टेकत रोज येऊन बसतात. त्यांना म्हटलं, होडीवाली काढायला सांगा.

होडीवाली माझी लाडकी, तुला माहीत आहे. नवरा बाहेरगावी असताना खाडीवर होडी चालवणारी ती बाई. माझ्या भागाच्या शेवटी ती धुक्यात सापडते. होडीत नवऱ्याने लपवलेला चोरटा माल, समोरून सरकारी लाँच येतेय आणि लाँचवर तो अधिकारी, ज्याच्यावर हिचा जीव. 'तिने वल्हं उचललं आणि' — इथे माझं पान संपलं होतं. चार दिवस मी ते 'आणि' घेऊन पोळ्या लाटत होते. गुरुवारी व्हरांड्यात मी म्हटलं, सांग लवकर. तू आधी लोट्यातलं पाणी प्यालीस, माझ्याकडे बघितलंस आणि सांगितलंस की तिने माल त्याच्या हवाली केला. त्याने लग्नाचं विचारलं, तिने नाही म्हटलं. नवऱ्याच्या घरीही परतली नाही. खाडीच्या पलीकडच्या काठावर एक खोपटं घेतलं, स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि होडी सुरू केली.

छापलेलं असं आहे: ती रडते. अधिकारी सगळं आपल्यावर घेतो आणि त्याची बदली होते. ती घरी येते, तुळशीपुढे दिवा लावते, नवरा क्षमा करतो आणि होडी विकून टाकतात.

मला वाटलं, बांधणीवाल्याने दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाची पानं शिवली. पंड्याभाईंपुढे नेऊन धरलं. त्यांनी चष्मा वर केला.

"ना, नलिनीबेन. पुस्तक बराबर छे. पहिल्यापासून असंच आहे."

"मग शरयूने मला सांगितलं ते?"

"ते तर शरयूबेनचं होतं ने." ते इतक्या सहज म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही दोघी मिळून करता. मी गुरुवारी त्या खिडकीशी कशाला बसायचो? छापेला करतां शरयूबेनचा शेवट सारा, छापलेल्यापेक्षा चांगला."

शरयू, मी वाचनकक्षात इतक्या मोठ्याने हसले की वर्तमानपत्र वाचणारे दोन आजोबा उठून गेले.

मग मी थांबतेय कुठली. त्या दिवशीच चौदा पुस्तकं काढायला लावली. फक्त शेवटची पानं. नऊ ठिकाणी तू हात मारला आहेस. त्या गुळगुळीत डॉक्टरला तू पुलावरून नदीत घातलंस, कारण पहिल्या भागात मी त्याच्यावर भाळले होते. लेखकाने त्याला बंगला दिलाय. त्या चहाच्या मळ्यातल्या जोडीचं लेखकाने थाटात लग्न लावलंय, तू दोघांना दोन वेगळ्या गाड्यांत बसवलंस, आणि मी परीक्षणात लिहून मोकळी झाले, 'असा धीट शेवट मराठीत दुर्मीळ आहे.' त्या लेखकाचं मंडळाला पत्र आलं होतं, आठवतं? 'आपणांस जे धैर्य दिसले त्याची लिहिताना मला कल्पना नव्हती.' मी ते पत्र विनय म्हणून चारचौघींत वाचून दाखवलं. तू तेव्हा बशीत तोंड घालून बसली होतीस. मला वाटलं, चहा गरम आहे.

आणि आपल्या मंडळातल्या देशपांडेबाई. त्या हळदीकुंकवाला त्या बिचाऱ्या हळूच म्हणाल्या, होडीवाली शेवटी घरी परतते ते फार हृद्य झालंय. मी त्यांना सोडलं नाही. "देशपांडेबाई, तुम्ही नीट वाचलेलं नाही. ती परतत नाही. तोच तर त्या कादंबरीचा प्राण आहे." दहा बायकांत. त्या पदर चाचपत म्हणाल्या, असेल हो, माझ्याकडून पानं सुटली असतील. आणि तू? तू त्यांच्या हातावर अत्तर लावत म्हणालीस, "होतं असं, जोडपानं चिकटतात कधीकधी." मला आता झोपेतसुद्धा ते वाक्य आठवून हसू येतं. देशपांडेबाईंची माफी मागायला उशीर झालाय, तुलाच तिकडे मागावी लागेल. दोघींच्या वतीने माग.

माझी नात सई म्हणाली, "आजी, म्हणजे शरयूआजी तर आखी रायटर निघाली ने. ह्याला फॅनफिक्शन म्हणतात, लोक नेटवर टाकतात." मी म्हटलं, हिने गुरुवारी दुपारी माझ्या कानात टाकली.

पण हसण्यात मधे एक खंड पडला. काल सकाळी उठले ती रागाने. म्हणजे माझं आख्खं आयुष्य एका थापेवर उभं आहे की काय?

तुला माहीत आहे मी काय म्हणतेय. होडीवालीच्या त्या गुरुवारी माझ्या घरी पोह्यांच्या डब्यात विद्यापीठाचा फॉर्म होता. एम.ए.चा. तीन आठवडे पडून होता. आमचे हे म्हणाले होते, तुझं तू बघ. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता पोरांनी शिकायचं की तू?" आणि मी, संयमाची पुरस्कर्ती, फॉर्मवर पोहे ओतून मोकळी झाले होते. तुझ्या त्या पलीकडच्या काठावरच्या पाटीने मला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म झटकून भरला, त्याला पोह्यांचा वास येत होता. मग घडियाळी पोळातून फतेगंजपर्यंत रोज सायकल. पहिल्या दिवशी साडी चेनमध्ये अडकली आणि मी लष्कराच्या रस्त्यावर एका जवानासमोर अशी आडवी झाले की त्याने आधी सलाम करावा की हात द्यावा, त्याला कळेना. दोन वर्षांनी पदवी, मग मुलींच्या शाळेत मराठीची बाई, चोवीस वर्षं. निरोपसमारंभात मी माईकवर सांगितलं, "मला एका कादंबरीच्या शेवटाने उभं केलं." तू दुसऱ्या रांगेत पेढा खात होतीस. तुझ्या घशात तो अडकला कसा नाही?

दुपारपर्यंत राग उतरला. कारण मला एक सुचलं. फॉर्मचं मी तुला सांगितलं नव्हतं. निदान मला तरी सांगितल्याचं आठवत नाही. मग पाणी पिऊन माझ्याकडे बघत होतीस तेव्हा तू काय बघत होतीस? माझ्या तोंडावर लिहिलं होतं का? की तुलाच ते खोपटं हवं होतं, आणि मी तिथे असल्याने मला मिळालं? तुला कधी विचारलं नाही की तुला काय व्हायचं होतं. गुरुवारी माझा भाग सांगून झाला की मी म्हणायची, आता तू सांग. पण ते पुस्तकाचं.

आणि हॉस्पिटलमधलं ते.

ते लिहायचं नव्हतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं. खाणवालीचा माझा भाग सांगून झाला आणि आपलं नेहमीसारखं जुंपलं. ती कोळशाच्या खाणीतली तरुण भूगर्भ-अभियंता. खाणीतल्या वायूच्या खोट्या नोंदींवर तिच्याच प्रियकराची सही आहे हे तिला कळतं, आणि खरं काय ते बघायला ती साठीला टेकलेल्या तपासनीस बाईंबरोबर खाली उतरते. छत कोसळतं, दोघी आत अडकतात, इथे माझं पान संपलं. मी म्हटलं, मूर्ख पोरगी, एका पुरुषाच्या सहीपायी जिवावर उदार झाली. तू उशीवरून मान हलवलीस. "त्याच्यासाठी नाही उतरली, नले. बाई एकट्या उतरत होत्या म्हणून उतरली." मी म्हटलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. तू म्हणालीस, "सगळं लिहिलेलं असतं होय?"

तिथे मी चिडले. दोन रात्री जागरण झालं होतं, तुझ्या हाताला सुई बघवत नव्हती, म्हणून चिडले. म्हटलं, "एकदा तरी स्वतःचं काही लिही ना. जन्मभर दुसऱ्यांचंच सांगत आलीस."

तू रागावली नाहीस. "मला कुठे लिहिता येतं," म्हणालीस. "मला नुसतं सांगता येतं."

"तेच तर," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून घरी गेले.

हे मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. तेच तर. नऊ शेवट रचलेल्या बाईला, आणि अजून मी निम्मं कपाट उघडलेलं नाही. शरयू, मला माफ कर असं लिहीत नाही, तू हसशील. पण इतकं लिहिते आणि हे छापून येणार आहे: 'दोन वाचक' या नावाखाली एक वाचक आणि एक लेखिका होती. वाचक मी. तीसुद्धा अर्धीच.

काल दुपारी जेवून बाल्कनीत बसले आणि खाणवालीचा तुझा भाग काढला. आकडा हलवला नाही, त्याच्या पुढून सुरू केलं. सूर्य गच्चीआड गेला तेव्हा संपवलं. सून चहा ठेवून गेली होती, त्यावर साय धरली. कादंबरी चांगली आहे. लिहिणारी तिशीतली पोर आहे, तिला खाणीतला काळोख आणि माणसाची भीती दोन्ही चोख कळतं. तिने शेवट कुणाच्याही दयेवर सोडलेला नाही, वाचकाच्या तर नाहीच. परीक्षणात मी तसं लिहीन, तिला हवं ते श्रेय देईन आणि नियमाप्रमाणे शेवट फोडणार नाही. नायिकेने संयम ठेवायला हवा होता असंही लिहिणार नाही, घाबरू नकोस.

पण परीक्षण छापलेल्या शेवटाचं, गुरुवार वेगळा. तुला फक्त बाविसाव्या पानापर्यंत माहीत आहे. पुढचं तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते मलाच सांगायला हवं. काल मी पुस्तक मिटलं आणि विचार करू लागले, की तुला काय सांगायचं. रात्री निजेपर्यंत ठरलं.

आज गुरुवार. ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात बसूनच हे लिहितेय. पंड्याभाई खिडकीशी येऊन बसलेत. मी म्हटलं, आज मी सांगणार आहे. ते म्हणाले, "चालशे. बोला ने."

तर ऐक. वरून कुणीतरी ठोकतंय असा आवाज येतो तिथे तू थांबलीस. तो आवाज खरा असतो. पोरगी दगड घेऊन उलट ठोकते. बाईंना दम लागलेला, दिवा विझत आलेला, पण बाई बोलायचं थांबत नाहीत. आपल्या लहानपणीचं, सासरचं, पहिल्यांदा खाणीत उतरल्या त्या दिवसाचं, सगळं सांगत राहतात, म्हणजे पोरीने झोपू नये. त्यातलं किती खरं हे पोरगी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला भोक पडतं. वर हीऽ गर्दी. पिंजरा वर येतो, दार उघडतं, आणि दोघी बाहेर येतात. दोघी, शरयू. काळ्याकुट्ट, पण आपापल्या पायांवर.

तो असतोच तिथे, हातात घोंगडी घेऊन. पोरीकडे धावतो. तिचं नाव घेतो, रडतो, मी सही करायला नको होती म्हणतो. शरयू, तुझंच बरोबर होतं. ती त्याच्यासाठी उतरलीच नव्हती. ती त्याच्याकडे बघते, फार रागाने नाही, आणि म्हणते, "ते नंतर बोलू. आधी बाईंना बसायला खुर्ची आण."

तो खुर्ची आणायला पळतो. बाई म्हणतात, खुर्ची राहू दे, कागद आणा, वायूचे आकडे चुकलेत. पोरगी त्यांचा हात सोडत नाही.

इथे कादंबरी संपते. मी सांगतेय ना.